न दिसणारा श्रोता

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर नावाची वसाहत आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत २००४ साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह सुरू झाले. कन्नड रंगभूमी आणि चित्रपट गाजवणारे अभिनेते व दिग्दर्शक शंकर नाग यांचे १९९० साली अपघातात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी कित्येक वर्षे चिकाटीने धडपड करून हे नाट्यगृह उभारले. या दोघांचीही नाटकातील उमेदवारी मुंबईत, मराठी रंगभूमीच्या सहवासात झाली होती, ही गोष्ट मराठी वाचकास जवळची वाटावी. या नाट्यगृहाची ख्याती जितकी तेथील नाटकांसाठी आहे, तितकीच एका नियमासाठी आहे. प्रयोग ठरलेल्या वेळी सुरू होतो, दारे बंद होतात आणि त्यानंतर आलेल्या प्रेक्षकाला, त्याच्या हाती तिकीट असले तरी, आत प्रवेश मिळत नाही.

बंगळुरूच्या वाहतुकीची ज्यांना कल्पना आहे, त्यांना हा नियम काहीसा निर्दय वाटेल. सिल्क बोर्ड चौकात अडकून पडलेला माणूस काही हौसेने उशीर करीत नसतो. तरीही हा नियम टिकला आणि लोकांनी तो मानला. अंधारात खुर्च्या चाचपडत येणारा एकटा माणूस शेकडो जणांचे लक्ष विचलित करतो, नटाची लय बिघडवतो, हे प्रेक्षकांना पटले. वेळेवर येणाऱ्याचा हक्क उशिरा येणाऱ्याच्या अडचणीपेक्षा मोठा आहे, हे पटवून देण्यासाठी तेथे भाषणे करावी लागली नाहीत. बंद झालेले दार पुरेसे ठरले.

परंतु दार हे आत बसलेल्यांचेच रक्षण करू शकते. जो कलाप्रयोग सभागृहापुरता मर्यादित नसतो, त्याचे काय? संगीताची एखादी मैफल आकाशवाणीवरून वा दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होते, तेव्हा समोर बसलेल्या दोनचार हजार श्रोत्यांच्या पाठीमागे कितीतरी मोठा श्रोतृवर्ग बसलेला असतो. तो गायकाला दिसत नाही, आयोजकांना दिसत नाही आणि गोंधळ घालणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. मैफलीत व्यत्यय आला की आपण कलावंताचा अपमान झाला म्हणतो, सभागृहातील रसिकांचा विरस झाला म्हणतो. या तिसऱ्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनमधील आहे. त्याच्या केंद्रस्थानी असलेला कलावंत मात्र मुंबईचा आहे. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील मेहली मेहता हे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. मुलाने पुढे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात वाद्यवृंदसंचालक म्हणून अग्रगण्य स्थान मिळवले आणि इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाशी अनेक दशकांचे नाते जोडले. १ सप्टेंबर २०११ रोजी हा वाद्यवृंद घेऊन ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले होते. प्रसंग 'प्रॉम्स' नावाच्या संगीत महोत्सवाचा होता. हा महोत्सव १८९५ साली सुरू झाला, तोच मुळी सामान्य माणसाला अल्प दरात अभिजात संगीत ऐकता यावे म्हणून. आजही तेथे स्वस्त तिकीट काढून उभ्याने ऐकणाऱ्यांची गर्दी असते. १९२७ पासून त्याचे यजमानपद बीबीसीकडे आले आणि महोत्सवातील मैफली रेडिओवरून ऐकवणे हा त्याचा स्वभावच बनला.

त्या रात्रीची पहिली रचना वेबर्न या संगीतकाराची होती. तिचा आरंभ तारा बोटांनी अतिशय हळुवार छेडून होतो. ज्या ठिकाणी श्वासही जपून घ्यावा, नेमक्या त्याच ठिकाणी काही प्रेक्षक उभे राहिले. त्यांनी फलक उलगडला आणि बेथोव्हेनच्या प्रसिद्ध चालीवर स्वतः रचलेले शब्द मोठ्याने गाण्यास सुरुवात केली. पॅलेस्टिनी जनतेवर इस्रायल अन्याय करीत आहे, हे त्यांचे म्हणणे होते. सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर काढले. पुढची रचना सुरू होताना दुसरा गट उठला, नंतर आणखी काही. इतर श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. वादक थांबले नाहीत. मेहतांनी कार्यक्रम शेवटपर्यंत नेला. रेडिओवर मात्र वेगळेच घडले. बीबीसीने प्रक्षेपण तोडले, पुन्हा जोडले, पुन्हा तोडले आणि श्रोत्यांना दुसरीच ध्वनिमुद्रणे ऐकवण्यात आली. सभागृहातील लोकांना निदान अर्धेमुर्धे संगीत मिळाले. घरी बसलेल्यांना काहीच मिळाले नाही.

निषेध करणाऱ्यांच्या राजकीय भूमिकेचा निवाडा येथे करावयाचा नाही. त्यांचा मैफलीविषयीचा युक्तिवाद मात्र लक्षात घेतला पाहिजे. एखाद्या राष्ट्राचा वाद्यवृंद हा त्या राष्ट्राचा सांस्कृतिक दूत असतो. म्हणून त्याची मैफल ही केवळ मैफल राहत नाही, असे ते म्हणत होते. कलेचा राजकारणाशी काय संबंध, असे म्हणून हा मुद्दा उडवून लावता येणार नाही. निदान आपल्याला तरी नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर १९१० साली ब्रिटिश सरकारने बंदी घातली, ती महाभारतातील एका कथेला घाबरून नव्हे. कीचक कोण आणि सैरंध्री कोण, हे सरकारलाही कळले होते आणि प्रेक्षकांनाही. रंगमंच आणि राजकारण यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे.

तेव्हा निषेधाचा हक्क मान्यच आहे. प्रश्न आहे तो जागेचा आणि क्षणाचा. सभागृहाच्या दाराशी उभे राहून पत्रके वाटता येतात. वर्तमानपत्रांतून लिहिता येते. तिकीट न काढण्याचे आवाहन करता येते. मैफल रद्द करावी म्हणून कलावंतालाच पत्र पाठवता येते. या सर्व मार्गांत समोरच्या माणसाला उत्तर देण्याची, नकार देण्याची, निदान निघून जाण्याची मोकळीक असते. पहिला सूर लागल्यावर उठलेला आवाज ही मोकळीक कोणालाच ठेवीत नाही. सभागृहातील श्रोत्याने हुर्यो तरी उडवली. दूरच्या गावी रेडिओ लावून बसलेल्याने काय करावे? त्याचे मत कोणी विचारले नाही आणि त्याची नाराजीही कोणाच्या कानी गेली नाही.

हा दूरचा श्रोता म्हणजे नेमका कोण, हे आपल्या देशाच्या संदर्भात पाहिले तर प्रश्नाचे गांभीर्य अधिक जाणवते. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्यापूर्वी बड्या गवयांचे गाणे ऐकायचे म्हणजे राजदरबार, धनिकांचे दिवाणखाने किंवा मोठ्या शहरांतील जलसे. ध्वनिमुद्रिका होत्या, परंतु तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल मावत नाही. स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. चित्रपटगीतांवर त्यांनी आणलेल्या निर्बंधांची पुष्कळ चेष्टा झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. निम्मा देश त्या काळात रेडिओ सिलोन ऐकू लागला. पण त्यांच्याच कारकिर्दीत, १९५२ साली, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर निमंत्रित श्रोत्यांसमोर होणारे आकाशवाणी संगीत संमेलनही आले. ज्याने आयुष्यात तंबोरा हाती धरला नाही, ज्याच्या गावात कधी गवई आला नाही, अशा माणसाच्या घरी शनिवारी रात्री किराणा आणि जयपूर, आग्रा आणि ग्वाल्हेर ही घराणी येऊ लागली. अंथरुणाला खिळलेला वृद्ध, दृष्टिहीन मुलगा, रात्रपाळीचा कामगार, घराबाहेर पडणे ज्यांना सहजशक्य नव्हते अशा स्त्रिया, या सर्वांसाठी थेट प्रक्षेपण हेच सभागृह होते.

विद्यार्थी मित्रहो, मुक्त शाळेत शिकणाऱ्या तुम्हांला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात न बसता, दिवसाचे काम आटोपून, पुस्तकातून अथवा ध्वनिफितीतून शिकणाऱ्याला दूर राहून ऐकण्याची किंमत ठाऊक असते. समोर गुरू असलेल्या विद्यार्थ्याचे एखादे वाक्य निसटले तर तो पुन्हा विचारू शकतो. दूरच्या विद्यार्थ्याचे निसटले की निसटले.

यात ध्वनिशास्त्राचाही भाग आहे. सभागृहात बसलेल्या माणसाला दोन कान असतात आणि त्या कानांमागे मेंदू असतो. मागच्या रांगेतील खोकला कोणत्या दिशेने आला हे त्याला कळते, म्हणून तो त्याला बाजूला सारून व्यासपीठावरच्या सुरावर लक्ष एकवटू शकतो. माइकला असे निवडता येत नाही. खोकला, कागदाची चुरचुर, खुर्चीची करकर आणि गायकाचा षड्ज हे सारे तो सारख्याच निष्ठेने उचलतो. तंत्रज्ञ गायकाजवळचा माइक वाढवून आणि सभागृहाचा माइक कमी करून काही अंशी उपाय करतात. तथापि सभागृहाचा आवाज अगदीच बंद केला तर मैफल निर्जीव वाटते, जणू गायक एखाद्या बंद पेटीत बसून गात आहे. त्यामुळे थोडा गोंगाट सोसावाच लागतो. सभागृहात जो व्यत्यय क्षणभर खटकून विरून जातो, तोच रेडिओजवळ बसलेल्याला अगदी कानाशी ऐकू येतो आणि तो कशाचा आहे, हेही त्या बिचाऱ्याला दिसत नाही.

याचा अर्थ श्रोत्यांनी पुतळ्यासारखे बसावे असा मुळीच नाही. आपल्या संगीताला तर ते मानवणारच नाही. समेवर येणारी मान, अवघड तान बिनचूक उतरल्यावर नकळत निघालेला 'वाहवा', एखाद्या स्वरावर पसरणारा हलका निःश्वास, यांच्यावाचून ख्यालगायकाचे गाणे फुलत नाही. रेडिओवर ऐकणारालाही ही दाद हवीच असते. तीमुळे तो त्या मैफलीत जाऊन बसतो. पाश्चात्त्य संगीतसभांतील कडक शांतता तरी कुठे सनातन आहे? मोत्सार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिले, त्यात आपली सिंफनी चालू असतानाच, मध्येच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हे त्याने आनंदाने कळवले आहे. शांततेचा दंडक नंतरच्या काळात रुजला.

बंगळुरूतच चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून होत आला आहे. मांडव रस्त्यालगत, आणि रस्ता शहराचा. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला. तेथेही हजारोंचा समुदाय, सतरंज्यांवरची बैठक, खाद्यपदार्थांचे स्टॉल, येणेजाणे हे सर्व असते. आवाज दोन्हीकडे आहेत आणि तरी तेथे वर्षानुवर्षे मोठे संगीत घडले. कारण ते आवाज गाण्याच्या वाटेत आडवे येत नाहीत. दाद ही तर गाण्याचेच ऐकून उठलेली असते. व्यत्यय आणणाऱ्याने गाणे ऐकलेलेच नसते. त्याला फक्त गाण्यासाठी जमलेले कान हवे असतात.

कधी कधी निव्वळ अज्ञानही असते, आणि त्याकडे हसूनच पाहिले पाहिजे. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पं. रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली, तर श्रोत्यांनी त्यालाच भरघोस टाळ्या दिल्या. जुळवणे इतके आवडले असेल तर वादन याहून अधिक आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी पंडितजी मिस्किलपणे बोलले आणि वादनाला सुरुवात झाली. कोणाचेही काही बिघडले नाही.

निष्काळजीपणाची गोष्ट इतकी सोपी नाही. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या मैफलीत मालरची नववी सिंफनी अखेरच्या, जवळजवळ निःशब्द भागात पोचली असताना पहिल्या रांगेतील एका श्रोत्याचा मोबाईल वाजू लागला आणि वाजतच राहिला. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वाद्यवृंद थांबवला, फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच पुन्हा सुरुवात केली. आपल्याकडे २०१९ साली नाशिकमध्ये अभिनेते सुमीत राघवन यांना याच कारणाने नाटकाचा प्रयोग थांबवावा लागला. मराठी रंगभूमीवरील इतर कलावंतांनीही त्या सुमारास उघड संताप व्यक्त केला. कलावंताने असे थांबणे काहींना उद्धटपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. समोरच्याने पाणी सांडले तर सुतारही रंधा बाजूला ठेवतो. मात्र थेट प्रक्षेपणात हा मार्गही अवघड होतो. प्रक्षेपणाची वेळ मिनिटामिनिटाने बांधलेली असते. थांबलेल्या मैफलीत रेडिओवर नुसती पोकळी ऐकू येते. म्हणजे सभागृहातील कलावंताजवळ असलेले एकमेव शस्त्रही दूरच्या श्रोत्याच्या कामी येत नाही.

आता बीबीसीच्या निर्णयाकडे पुन्हा वळू. त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, त्याच महोत्सवात, २१ ऑगस्ट १९६८ रोजी सोव्हिएत संघाचा शासकीय वाद्यवृंद वाजवणार होता. सोव्हिएत सैन्याने चेकोस्लोव्हाकियात प्रवेश केला, तोच हा दिवस. कार्यक्रमात चेक संगीतकार द्वोर्झाक याची चेलो कॉन्चेर्तो होती आणि वादक होते मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच. सभागृहाबाहेर निदर्शने झाली, आतही आरडाओरड झाली. रोस्त्रोपोविच वाजवीत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, असे त्या प्रसंगाचे वर्णन करणाऱ्यांनी नोंदवले आहे. वादन संपल्यावर त्यांनी द्वोर्झाकच्या रचनेची प्रत हाती उंच धरली. आपल्याच देशाच्या वाद्यवृंदासमवेत बसून, आपल्याच देशाविरुद्ध, त्यांना जे म्हणावयाचे होते ते एवढ्या एका कृतीतून व्यक्त झाले. आणि ही मैफल रेडिओवरून ऐकवली गेली.

दोन्ही प्रसंगांची तुलना पूर्णपणे जुळते असे नाही. १९६८ मध्ये आरडाओरड मुख्यतः आरंभी झाली. २०११ मध्ये ती ठरवून, रचनेमागून रचना, पुन्हा पुन्हा होत होती. प्रक्षेपण चालू ठेवले असते तर निषेधाला राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले असते, ही भीतीही समजण्यासारखी आहे. तरीही माझ्या मते प्रक्षेपण तोडणे ही चूक होती. पाचपंचवीस लोकांचा आवाज सभागृहापुरता राहिला असता, तो 'मैफल बंद पडली' या बातमीमुळे जगभर गेला. सभागृहातल्या मैफलीला ते थांबवू शकले नव्हते. रेडिओवरची मैफल मात्र त्यांच्या हातून नव्हे, प्रक्षेपकाच्याच हातून थांबली. नंतर काही रचना ध्वनिमुद्रणावरून ऐकवण्यात आल्या, हे खरे. पण त्या क्षणी घडणारे ऐकण्यासाठी माणूस रेडिओ लावून बसतो. आठवड्याने आलेली फीत ही त्याची भरपाई नव्हे. निवेदकाने दोन वाक्यांत काय चालले आहे ते सांगावे आणि संगीत पुढे चालू द्यावे, इतका विश्वास श्रोत्यावर टाकायला हवा होता. गोंगाटातूनही सूर शोधणारा कान रेडिओच्या श्रोत्यापाशी असतो. खरखरीतून भैरवी ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या पिढीला तर हे सांगायलाच नको.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही झुबिन मेहतांच्याच नावाशी जोडलेले आहे. ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत त्यांनी बव्हेरियन राज्य वाद्यवृंदासह मैफल केली. जर्मन दूतावासाने ती आयोजित केली होती आणि तिचे थेट प्रक्षेपण अनेक देशांत झाले. मैफलीत कोणताही व्यत्यय आला नाही. चिनारांच्या सावलीत सूर निर्विघ्नपणे वाहिले. परंतु त्या दिवशी खोऱ्यात बंद पुकारला होता, बागेभोवती कडेकोट पहारा होता आणि आत केवळ निमंत्रितांना प्रवेश होता. मैफलीच्या विरोधात शहरात दुसरा कार्यक्रमही झाला. दूरदेशीच्या श्रोत्याला निर्मळ ध्वनी मिळाला, पण पलीकडच्या गल्लीत राहणारा काश्मिरी माणूस त्या बागेच्या दारातच अडवला गेला. व्यत्यय टाळण्याचा हा मार्ग मला लंडनच्या गोंधळाइतकाच अस्वस्थ करतो. लोकांना बाहेर ठेवून राखलेली शांतता ही शिस्तीची शांतता नव्हे.

अलीकडे परिस्थितीने आणखी एक वळण घेतले आहे. पूर्वी प्रक्षेपण एकट्या आकाशवाणीच्या हाती होते. आता मैफलीला येणारा प्रत्येकजण खिशात प्रक्षेपणयंत्र घेऊन येतो. आलाप सुरू झाला की शेदोनशे मोबाईल उंचावतात. काहीजण तर तेथूनच आपल्या परिचितांना मैफल थेट दाखवू लागतात. हेतू वाईट नसतो. येऊ न शकलेल्या आईला किंवा परदेशातील भावाला गाणे ऐकवावे, इतकाच असतो. परंतु मागे बसलेल्याला व्यासपीठाऐवजी चमकते पडदे दिसतात आणि ज्या आईसाठी हे चालले आहे, तिला शेजाऱ्याच्या कुजबुजीसह तुटक, फाटका आवाज ऐकू येतो. दूरच्या श्रोत्याची काळजी घेता घेता जवळच्याला आणि दूरच्यालाही आपण नाडतो. आयोजकांनी स्वतःच एक चांगले प्रक्षेपण सर्वांना खुले करून दिले, तर यांतील निम्मे हात खाली येतील असे वाटते. कित्येक संस्था आता तसे करू लागल्या आहेत.

मैफलीच्या आरंभी 'कृपया मोबाईल बंद ठेवावेत' अशी सूचना आता सर्वत्र दिली जाते आणि ती देऊन होते न होते तोच कुठेतरी घंटी वाजते. ही सूचना कोणासाठी आहे, हे तीत सांगितलेलेच नसते. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होणार असेल, तर निवेदकाने आणखी एक वाक्य बोलावे: या क्षणी कोणकोणत्या केंद्रांवरून हे ऐकले जात आहे, ते नावानिशी सांगावे. सांगली, रत्नागिरी, पणजी, धारवाड. नावे उच्चारताच त्या गावांतील माणसे सभागृहात येऊन बसतात. आणि ज्याच्या शेजारी माणूस बसला आहे असे वाटते, तो हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो.